आजाऱ्याच्या उशाशी हसू

तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात मोहनीय कर्माचे भेद सांगताना नऊ नोकषाय मोजले आहेत. त्यांत पहिलेच नाव हास्याचे आहे. सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या ज्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांतही क्रोध, लोभ आणि भय यांच्या बरोबरीने हास्याचा त्याग सांगितला आहे. कारण थट्टेच्या भरात माणूस सहज खोटे बोलून जातो. त्याच अध्यायात पुढे अनर्थदंडविरतीचे अतिचार येतात. कंदर्प म्हणजे असभ्य थट्टा, कौत्कुच्य म्हणजे अंगविक्षेपांची जोड दिलेली थट्टा आणि मौखर्य म्हणजे वायफळ बडबड. शास्त्राने हसण्याला एवढ्या ठिकाणी अडवले असताना, घरात कर्करोगाचा किंवा निकामी मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर त्या घराने हसावे की हसू नये, हा प्रश्न एखाद्या श्रावकाच्या मनात आल्यास तो अनाठायी म्हणता येणार नाही.

पण यादी पहिल्या नावापाशी संपत नाही. हास्याच्या पुढे रती, अरती, शोक, भय आणि जुगुप्सा ही नावे आहेत. मोठा आजार घरात शिरला की यांतील शोक, भय आणि अरती आपोआप येऊन बसतात. त्यांना आमंत्रण द्यावे लागत नाही. जखम, वास, उलटी, मलमूत्र यांच्या निमित्ताने जुगुप्साही येते आणि तिच्याविषयी कोणी उघड बोलत नाही. ज्या घराने हसणे बंद केले ते घर त्यामुळे वीतराग झाले, असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा एका नोकषायाच्या खात्यातील सारी शिल्लक दुसऱ्या नोकषायाच्या खात्यात वर्ग होते, एवढेच. शिवाय नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे जे चार प्रकार आहेत, त्यांतील एक वेदनेतून उपजणारा आहे. दुखणे कधी जाईल, जाईल की नाही, पुढे काय होईल, याचेच चिंतन रात्रंदिवस चालू राहणे म्हणजे तो प्रकार. आजाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना या चिंतनातून घटकाभर बाहेर काढणारी गोष्ट कोणती, हे पाहू लागले की निर्मळ विनोदाचे नाव टाळता येत नाही. त्याच नवव्या अध्यायात वैयावृत्त्य हे अंतरंग तप सांगितले आहे. ज्यांची सेवा करावयाची अशा दहांमध्ये 'ग्लान', म्हणजे आजारी, मुनीचा वेगळा उल्लेख आहे. ग्लानाची सेवा करताना तोंड लांब ठेवावे, असे मात्र कोठेही म्हटलेले नाही.

बाहुबलीच्या डोंगरापासून कोडोली-वारणेपर्यंतच्या गावांत चातुर्मासात शास्त्रवाचन होते, तेव्हा आचार्य समंतभद्रांची कथा पुष्कळांनी ऐकलेली असते. आचार्यांना भस्मक व्याधी जडली. कितीही खाल्ले तरी भूक शमेना. मुनिचर्येत हे निभणे अशक्य, म्हणून त्यांनी गुरूंकडे समाधिमरणाची अनुज्ञा मागितली. गुरूंनी ती दिली नाही. व्याधी शमवून पुन्हा दीक्षा घ्यावी, असे सांगितले. मग कथेप्रमाणे ते राजा शिवकोटीच्या शिवमंदिरात गेले. 'नैवेद्य प्रत्यक्ष देवाला खाऊ घालीन' असे त्यांनी राजाला सांगितले आणि दार लावून तो सारा नैवेद्य स्वतःच संपविला. राजा प्रसन्न झाला. पुढे व्याधी जसजशी कमी होऊ लागली तसतसा नैवेद्य उरू लागला आणि राजाला संशय आला. रोग बरा होऊ लागला म्हणून माणूस पकडला गेला, असा हा विलक्षण प्रसंग आहे. यानंतर स्तोत्ररचना आणि चंद्रप्रभ जिनांच्या मूर्तीचे प्रकटन हा भक्तीचा भाग येतो आणि सभा गंभीर होते. पण उरलेल्या नैवेद्यापाशी सभेत हसू पिकते, आणि ते पिकावे अशीच कथेची रचना आहे. एवढ्या थोर आचार्यांच्या दुर्धर व्याधीकडे पाहताना परंपरेने हसण्याची जागा ठेवली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

वारणानगर हे गाव तर या विषयासाठी जणू मुद्दाम वसविल्यासारखे आहे. तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून साखर कारखाना उभा केला आणि माळरानावर वसाहत, शाळा, महाविद्यालय, दूध संघ, वारणा बाजार, मुलांचा वाद्यवृंद असे सारे उभे राहिले. वारणेची साखर आणि वारणेचे श्रीखंड यांनी गावाचे नाव दूरवर नेले. आणि आज त्याच गावात, आजूबाजूच्या ऊस पिकविणाऱ्या घरांतही, कपाटात साखर मोजण्याचे यंत्र असते. 'शेतात साखर, कारखान्यात साखर, आता रक्तातही साखर. सभासदत्व पूर्ण झाले' अशा जातीचा विनोद या भागातील मधुमेही माणूस स्वतःवर सहज करतो. त्यात कडवटपणा नसतोच असे नाही, पण तो बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा, दोघांचाही ताण उतरवितो.

मधुमेह अंगवळणी पडतो. कर्करोग, मूत्रपिंडाचा आजार, अर्धांगवायू, कंपवात हे मात्र घराची भाषाच बदलून टाकतात. पुष्कळ घरांत कर्करोगाचे नावही उच्चारले जात नाही. 'तो आजार', 'मोठा आजार', किंवा नुसतेच 'ते' असे म्हटले जाते. आजाऱ्याला सारे ठाऊक असते, घरच्यांना सारे ठाऊक असते, आणि दोन्ही बाजू एकमेकांना काही ठाऊक नाही असे समजून वागतात. स्वयंपाकघरात कुजबुज चालते आणि पलंगापाशी मोठ्या आवाजात हवापाण्याच्या गप्पा होतात. हे नाटक महिनोन्‌महिने चालविणे फार थकविणारे असते. अशा घरातले पहिले खरे हसू बहुधा आजाऱ्याकडूनच येते, कारण नाटकाचा पडदा ओढण्याचा अधिकार त्यालाच असतो.

भेटायला येणाऱ्यांविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. आपल्याकडे आजाऱ्याला भेटून येणे हे कर्तव्य आहे आणि ते योग्यच आहे. परंतु येणाऱ्या मंडळींत काही प्रकार ठरलेले असतात. एक गृहस्थ आल्या आल्या विचारतात, 'ओळखलंत का?' आजार पोटाचा असला तरी परीक्षा स्मरणशक्तीची. दुसऱ्या बाई आपल्या नात्यातल्या कोणाला नेमके हेच झाले होते, हे सविस्तर सांगतात. ऐकणारा शेवटची वाट पाहत असतो आणि शेवटी तो नातेवाईक गेलेला असतो. तिसरे गृहस्थ कुठल्याशा गावच्या झाडपाल्याचा पत्ता देतात. चौथे काहीच बोलत नाहीत, फक्त उसासे टाकतात. आणि जवळजवळ सर्वांच्या हातात शहाळे असते. आता मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळ्याचे पाणी अपायकारक ठरू शकते, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. त्यामुळे ज्या घरात आजोबांचे डायलिसिस चालू असते, त्या घरात शहाळी नातवंडे पितात. आजारी एक आणि बाळसे दुसऱ्याला, असा हा प्रकार. पाहुणे गेल्यावर त्यांच्या नकला करणारे एखादे मूल घरात असेल तर त्याला दटावू नये. ती नक्कल द्वेषाची नसेल आणि पाहुण्यांच्या कानावर जाणार नसेल, तर त्या संध्याकाळी घराला मिळालेले ते सर्वांत चांगले औषध असते. (कौत्कुच्याचा दोष लागतोच, हे मान्य करून.)

मूत्रपिंडाच्या आजारावरून मराठीतल्या एका पुस्तकाची आठवण होते. दूरदर्शनवरील 'सुंदर माझं घर' या कार्यक्रमामुळे घराघरांत माहीत झालेल्या लेखिका पद्मजा फाटक यांना मूत्रपिंडाच्या विकाराने गाठले. त्यांच्यावर मूत्रपिंडरोपण झाले आणि त्या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्याचे नाव त्यांनी ठेवले 'हसरी किडनी'. मराठीत आजारपणावर पुस्तके थोडी नाहीत, पण त्यांच्या नावांत सहसा झुंज असते, वेदना असते, काळोख आणि पहाट असते. येथे थेट किडनीच हसते आहे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये पद्मजाताई गेल्या. आजाराने त्यांना सोडले होते असे नाही. पण आजारावर लिहिताना कोणता स्वर लावायचा हे आजाराने ठरवू नये, ते त्यांनी स्वतः ठरविले.

डायलिसिसच्या रुग्णाचे जीवन कसे असते हे ज्या घराने पाहिले नाही, त्याला या स्वराचे मोल कळणे कठीण आहे. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास यंत्राला जोडून पडून राहायचे. वारणा खोऱ्यातल्या माणसाला त्यासाठी बहुधा कोल्हापूर गाठावे लागते, म्हणजे येण्याजाण्यासह दिवस गेला. पाणी मोजून प्यायचे, दिवसाला लिटरभर किंवा त्याहूनही कमी, आणि त्यात चहा, ताक, आमटी सारे धरायचे. केळे नको, टोमॅटो नको, मीठ कमी. त्यात जैन घर असेल तर आहारतज्ज्ञाने दिलेला कागद आणखी लहान होतो. प्रथिनांसाठी अंड्याचा पांढरा भाग लिहिलेला असतो. तो खोडला जातो. कंदमुळे वर्ज्य असतील तर बटाटे, गाजरही जातात. सूर्यास्तानंतर जेवायचे नाही आणि डायलिसिस तर संध्याकाळच्या पाळीत. पर्युषणात उपवास करायचे की नाही, यावर घरात सभा भरते. अशा वेळी 'आता या कागदावर फक्त डॉक्टरांची सही शिल्लक आहे, तीच खातो' असे एखादा रुग्ण म्हणाला तर ते हसू पथ्याच्या विरुद्ध नसते. पथ्य पाळण्याचे बळ त्यातूनच येते. मोजून पाणी पिण्याच्या बाबतीत तर आपल्या समाजाने उणोदराचे तप शतकानुशतके पाहिले आहे. अर्थात स्वेच्छेने स्वीकारलेले तप आणि आजाराने लादलेले पथ्य यांत अंतर आहे, आणि ते रुग्णाला कोणी प्रवचन देऊन पुसू नये. त्याने स्वतः ते हसत पुसले तर गोष्ट वेगळी.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगावयास हवी. केमोथेरपीने केस गेलेली एखादी श्राविका आरशात पाहून म्हणेल, 'माझा केशलोच झाला, तोही हाताचे श्रम न घेता.' घर हसेल. मुनींच्या व्रताची ती थट्टा आहे काय? नव्हे. आपल्या वाट्याला आलेल्या गोष्टीला आपल्याच घरातल्या, आदराच्या शब्दाने ओळखण्याचा तो प्रयत्न आहे आणि त्यात अभिमानाचा एक बारीक धागाही आहे. पण हेच वाक्य जाऊबाईंनी उच्चारले असते तर ते असह्य झाले असते. ज्याचे खाते त्याचीच सही लागते. आजाऱ्याच्या आजारावरील विनोदाच्या खात्यातून इतरांना रक्कम काढायची असेल तर त्याने आधी अधिकारपत्र द्यावे लागते, आणि ते तो कोणत्याही दिवशी परत घेऊ शकतो. काल हसलेला माणूस आज त्याच वाक्याला रडेल. त्यावर 'काल तर चालले होते' असा युक्तिवाद करू नये.

कंपवाताच्या आजारात आणखी निराळी अडचण येते. या आजारात हात थरथरतो हे सर्वांना माहीत असते. पण चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि चेहऱ्यावरचे भाव मावळतात, हे फारसे माहीत नसते. माणूस आतून हसत असतो आणि चेहरा कोरा राहतो. आवाजही बारीक होतो. मग घरच्यांची समजूत होते की यांना आता कशाचेच काही वाटत नाही, आणि हळूहळू त्यांना विनोद सांगणेच बंद होते. हे मोठे दुर्दैव आहे. अशा घराने हसू डोळ्यांत, श्वासात, बोटांच्या हालचालीत शोधायला शिकावे लागते. साऱ्या महाराष्ट्राला हसविणाऱ्या पु. ल. देशपांडे यांच्या वाट्याला अखेरच्या वर्षांत हाच आजार आला होता. १२ जून २००० रोजी पुण्यात ते गेले. १९४६ सालच्या याच तारखेला त्यांचा सुनीताबाईंशी विवाह झाला होता. पुण्यात आज पार्किन्सन्स मित्रमंडळ या नावाने रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा स्वमदत गट काम करतो. अशा गटांतून माणसे मोकळी होतात, कारण तेथे थरथरणाऱ्या हाताकडे कोणी टक लावून पाहत नाही. सगळ्यांचेच हात थरथरत असतात.

कंपवाताचे आणखी एक लक्षण म्हणजे अक्षर बारीक होत जाणे. त्याचा फटका बँकेत बसतो. सही जुळत नाही. वृद्ध, आजारी आणि अपंग खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने याची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. सही करता येत नसेल तर अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ही तरतूद पुष्कळ कुटुंबांना माहीत नसते, म्हणून येथे नोंदविली. पण तिच्यातला विनोदही नजरेआड करू नये. आयुष्यभर 'पायाने कागदाला शिवू नये' असे नातवंडांना शिकविलेला माणूस शेवटी धनादेशावर पाय ठेवतो आणि पैसे मिळतात! तसाच नोव्हेंबर महिन्यातला हयातीचा दाखला. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने आपण जिवंत असल्याचे दरवर्षी सिद्ध करावयाचे असते. मोठ्या आजारातून उठलेला माणूस हा दाखला देऊन घरी येतो, तेव्हा 'या वर्षीचा निकाल लागला, पास झालो' असे म्हणतो. त्या वाक्यात जेवढे सामावलेले असते तेवढे एखाद्या अहवालातही नसते.

हसण्याने रोग बरा होतो काय? याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल. अमेरिकेतील संपादक नॉर्मन कझिन्स यांना १९६४ साली पाठीच्या कण्याचा आणि सांध्यांचा तीव्र दाह करणारा आजार झाला. ते रुग्णालय सोडून हॉटेलच्या खोलीत राहिले, विनोदी चित्रपट पाहिले, परिचारिकेकडून विनोदी पुस्तके वाचून घेतली. दहा मिनिटे पोट धरून हसल्यावर दोन तास वेदनारहित झोप लागे, असे त्यांनी नोंदविले आहे. १९७६ मध्ये त्यांचा हा अनुभव एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात आणि १९७९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. रुग्णालय सोडण्याचे एक कारण असे की त्यांच्या हसण्याने इतर रुग्णांना त्रास होत असे. आणि हॉटेलचा खर्च रुग्णालयाच्या एक तृतीयांश आला, हेही त्यांनी आवर्जून लिहिले. हिशेबी माणसाला हा तपशील पटतो. पण ते त्याच वेळी क जीवनसत्त्वही मोठ्या प्रमाणात घेत होते, मूळ निदानाबद्दल पुढे मतभेद झाले आणि एका माणसाच्या अनुभवावरून नियम काढता येत नाही.

त्यामानाने मर्यादित, पण अधिक भक्कम गोष्ट २०११ साली पुढे आली. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांचे सहकारी यांनी लोकांना विनोदी चित्रफिती दाखविण्यापूर्वी आणि दाखविल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता मोजली. हाताला गोठवलेले वेष्टन गुंडाळणे किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळणे, अशा साध्या उपायांनी ती मोजली होती. मनमोकळे हसल्यानंतर ही क्षमता वाढलेली आढळली. आणि माणसे एकट्यापेक्षा सोबतीत कितीतरी अधिक हसतात. कुटुंबाच्या दृष्टीने हा शेवटचा भाग महत्त्वाचा. आजाऱ्याच्या हातात मोबाइल देऊन 'विनोदी काहीतरी बघत बसा' असे सांगून बाहेर जाण्याने काम होत नाही. शेजारी बसावे लागते.

आपल्याकडे डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या अंधेरी भागातील एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आरंभी तेथे विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि अश्लील व दुसऱ्याला बोचणारे विनोद येऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी विनोद बंद करून नुसत्या हसण्याच्या व्यायामाची पद्धत काढली. कंदर्पाचा अतिचार दोन आठवड्यांत कसा दारी येतो, याचे हे आधुनिक उदाहरण म्हणावे लागेल. ज्यांना असा व्यायाम मानवतो त्यांनी तो जरूर करावा. शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, हर्निया किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

हसविणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या घरीही आजार येतो. रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या तिन्ही ठिकाणी लोकांना हसविणारे, 'व्यक्ती आणि वल्ली' नाटकात पुलंची भूमिका करणारे अभिनेते अतुल परचुरे यांना यकृताचा कर्करोग झाला. त्यांनी तो लपविला नाही. मुलाखतींतून त्याबद्दल मोकळेपणाने सांगितले. प्रकृती सुधारताच ते कामावर परतले. 'सूर्याची पिल्ले' या नाटकाच्या नव्या प्रयोगात ते काम करणार होते. तोच प्रकृती पुन्हा ढासळली आणि १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ते गेले. विनोदाने मरण टळत नाही, हे येथे पुन्हा दिसते. परंतु मधल्या काळात 'आजारी नट' एवढीच ओळख त्यांनी स्वतःची होऊ दिली नाही.

शुश्रूषा करणाऱ्याचा विचार बहुधा शेवटी होतो, तसा येथेही झाला आहे. घरातली सून, पत्नी किंवा धाकटा मुलगा रात्री तीन वेळा उठतो, औषधांच्या वेळा सांभाळतो, विम्याचे कागद भरतो आणि दिवसा शेतावर किंवा कामावर जातो. त्याने हसावे की नाही याचा निर्णय समाज करून टाकतो. नवरा आजारी असताना पत्नी लग्नकार्यात हसताना दिसली तर चार जणी तिच्याकडे वळून पाहतात. ज्यांनी एक रात्रही त्या पलंगाशेजारी काढलेली नसते, त्यांचीच नजर अधिक तीक्ष्ण असते. वैयावृत्त्याला शास्त्राने तप म्हटले आहे, शिक्षा म्हटलेले नाही. त्या चार जणींनी पाळी लावून आठवड्यातून एकेक दुपार त्या घरी काढली तर पत्नीला झोप मिळेल, आणि चौघींना बोलायला दुसरा विषयही मिळेल.

हसण्याची वेळ नसते तेव्हा मात्र ते घराला आपोआप कळते. निदानानंतरचे पहिले काही दिवस, तीव्र वेदनेची रात्र, डॉक्टरांनी हात टेकल्याची बातमी. अशा वेळी 'हसा हो, काही होत नाही' म्हणणारा माणूस क्रूर वाटतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. आणि अखेरच्या टप्प्यात, जेव्हा कानाशी णमोकार मंत्र चालू असतो, तेव्हा ज्या घराने आधी भरपूर हसून घेतलेले असते तेच घर अधिक शांत राहू शकते. क्षमा मागणे आणि क्षमा करणे हे त्यांचे आधीच, हसता हसता, उरकलेले असते.

जैन परंपरेत या साऱ्याला एक जुना साक्षीदार आहे. 'समयसार नाटक' लिहिणारे कविवर बनारसीदास आपल्या समाजाला सुपरिचित आहेत. त्यांनी १६४१ साली 'अर्धकथानक' हे स्वतःचे चरित्र पद्यात लिहिले. भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत ते गणले जाते. तरुणपणी सासुरवाडीला, खैराबादला गेले असता त्यांच्या सर्वांगाला फोड येणारा भयंकर रोग झाला. लोक जवळ येईनात. पत्नी आणि सासू या दोघींनीच त्यांची सेवा केली. एका नाभिकाने औषध देऊन आणि बिनमिठाच्या पथ्यावर ठेवून त्यांना बरे केले. पुढे व्यापारात वारंवार खोट आली, तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली. हे सर्व सांगणारा माणूस त्याच पुस्तकात एका भोंदू संन्याशाने आपल्याला वर्षभर कसे फसविले आणि रोज एक सुवर्णमुद्रा मिळेल या आशेने आपण शौचकूपात बसून कसा मंत्र जपला, हेही तेवढ्याच मोकळेपणाने सांगतो. शेवटी ते आपले गुण मोजतात आणि मग दोषही मोजतात. थट्टेची आवड हा एक दोष. आणि कोणी पाहत नसले की आपण एकटेच नाचू लागतो, हा दुसरा.

मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून, पंचावन्नाव्या वर्षी लिहिलेल्या या चरित्राला त्यांनी 'अर्धी कथा' म्हटले. त्यानंतर ते जेमतेम दोन वर्षे जगले.